इन्कोनेल ७१८ पहिल्यांदा मशीनवर घेताना: धातू कडक का होतो आणि त्याला किती होऊ द्यायचा

इन्कोनेल ७१८ या निकेलच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा बार पहिल्यांदा हातात आला की नवा माणूस आधी सर्टिफिकेटवरची हार्डनेस बघतो. सोल्यूशन अ‍ॅनील केलेला बार एएमएस ५६६२ या विमान उद्योगाच्या मानकाप्रमाणे २७७ ब्रिनेलच्या (कडकपणाचं एक माप) आत असतो. एवढ्या कडकपणाचं ईएन १९ पोलाद तो रोज कापत असतो. म्हणून तो तोच इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) लावतो, स्पीड थोडा कमी करतो आणि सुरुवात करतो. काही मिनिटांत धार जाते. मग घाबरून स्पीड आणखी कमी, फीड कमी, कटही कमी. यातली स्पीड कमी करण्याची गोष्ट बरोबर आहे. बाकीच्या दोन गोष्टींमुळे पुढची प्रत्येक फेरी, म्हणजे टूलचा प्रत्येक पास, आधीपेक्षा अवघड होते.

सर्टिफिकेटवरचा आकडा बारच्या आतल्या, कुणी न छेडलेल्या धातूचा असतो. टूलच्या धारेला भेटतो तो मागच्या फेरीत दाबला गेलेला, ताणला गेलेला थर. तो थर आपणच तयार केलेला असतो. तो किती जाड आणि किती कडक व्हावा हे बरंचसं आपल्या हातात आहे, आणि या लेखातली प्रत्येक पायरी त्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी धातूची ओळख

७१८ हा अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन इथे, इंटरनॅशनल निकेल कंपनीत हर्बर्ट आयझेलस्टाइन यांनी विकसित केला. पेटंट १९६२ चं आहे. निकेल ५० ते ५५ टक्के, क्रोमियम १७ ते २१, नायोबियम ५ च्या आसपास, मॉलिब्डेनम ३ च्या आसपास, थोडं टायटॅनियम, त्याहून थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक लोखंड. आपल्याकडे हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी हाच प्रकार ‘सुपरनी ७१८’ या नावाने बनवते. पिंपरी-चिंचवड, चाकण किंवा नाशिकच्या वर्कशॉपमध्ये हा धातू जेट इंजिनाच्या रिंगा, रॉकेटचे फिटिंग, तेलविहिरीतले व्हॉल्व्ह अशा रूपांत येतो.

याची खरी ताकद उष्णतेत दिसते. एजिंग झालेल्या (ठरावीक तापमानाला तासन्तास ठेवून कडक केलेल्या) बारचा यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचा बाक येण्याआधी झेपणारा ताण, सामान्य तापमानाला किमान १,०३४ मेगापास्कल मागतात आणि ६५० अंश सेल्सिअसला किमान ८६२. म्हणजे लाल होईपर्यंत तापवूनही ऐंशी टक्क्यांहून जास्त ताकद शिल्लक राहते. साधं बांधकामाचं पोलाद तेवढ्या उष्णतेत जवळपास एक तृतीयांशावर येतं. पोलाद कापताना कटिंगच्या जागी उष्णता होते, धातू तिथे नरम पडतो आणि आपलं काम सोपं होतं. ७१८ ही सवलत देत नाही. वर त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता फार कमी, सामान्य तापमानाला मीटर-केल्विनमागे ११ वॉटच्या आसपास; साध्या कार्बन पोलादाची ५० च्या आसपास असते. उष्णता जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) पसरत नाही, चिपबरोबरही पुरेशी जात नाही, धारेपाशी साचते.

आत नेमकं काय घडतं

हा भाग गाळून थेट स्पीड-फीडवर उडी मारावीशी वाटेल. मारू नका. आत काय चाललंय ते कळलं तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

धातूला कायमचा बाक येतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. पण पूर्ण थर एकदम घसरत नाही. स्फटिकाच्या रचनेत एक रेषेसारखा दोष असतो, त्याला डिसलोकेशन म्हणतात. तो एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जातो आणि थर एक पाऊल पुढे जातो. अ‍ॅनील केलेल्या धातूत एका चौरस मीटरमधून अशा साधारण दहाचा दहावा ते बारावा घात इतक्या रेषा जातात. जोरात दाबलेल्या धातूत ही संख्या दहाच्या पंधराव्या घातापलीकडे जाते. या रेषा एकमेकींना अडवतात. त्यातून येणारी ताकद रेषांच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: घनता शंभरपट झाली तर तिचा ताकदीतला वाटा दहापट. वर्क हार्डनिंग म्हणतात ते हेच.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. जाड, नरम तांब्याची तार वाकवा आणि मग सरळ करायला जा. जिथे वाकवली होती ती जागा सरळ होत नाही, तिच्या शेजारी नवा बाक येतो. वाकलेली जागा कडक झाली आहे. तांबं आणि निकेल दोघांची स्फटिकरचना एकाच प्रकारची आहे.

मग शुद्ध निकेल एवढा त्रास का देत नाही? कारण शुद्ध निकेलमध्ये डिसलोकेशनला अडथळा आला तर ते आपला थर सोडून शेजारच्या तिरक्या थरावर जाऊ शकतं. त्यात क्रोमियम, कोबाल्ट, मॉलिब्डेनम मिसळले की स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी नावाची राशी कमी होते, आणि प्रत्येक डिसलोकेशन दोन अर्ध्या तुकड्यांत फाकून रुंद पट्टीसारखं होतं. थर बदलायचा तर आधी ते तुकडे परत जुळायला हवेत, आणि ते सहज जुळत नाहीत. त्यामुळे घसरण ठरावीक थरांवरच साचत जाते, रेषांची गर्दी होते आणि धातू झपाट्याने कडक होतो.

एजिंग केल्यावर दुसरी अडचण येते. ७१८ मध्ये निकेल आणि नायोबियमचे चकतीच्या आकाराचे, काही दशक नॅनोमीटरचे कण तयार होतात. त्यांना गॅमा डबल प्राइम म्हणतात. सोबतीला निकेल-अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमचे गोलसर गॅमा प्राइम कणही असतात. या कणांत कुठला अणू कुठे बसणार हे ठरलेलं असतं. एक डिसलोकेशन कण कापून गेलं की ती घडी विस्कटते, मागून येणारं ती परत बसवायला मदत करतं, म्हणून ती गटाने चालतात. आणि एकदा एखाद्या थरावर कण कापले गेले की तोच थर पुढच्यांना सोपा पडतो. इथेही घसरण मोजक्या पट्ट्यांत गोळा होते.

याचा पुरावा चिपमध्ये मिळतो. थंड झालेली चिप पक्कडीत धरून भिंगाखाली बघा. एक बाजू चकचकीत आणि सपाट, दुसरी करवतीच्या दात्यांसारखी. प्रत्येक दाता म्हणजे धातू एका अरुंद पट्टीत एकदम सरकल्याची खूण. प्रत्येक दात्याबरोबर धारेवरचा दाबही कमी-जास्त होतो. बोटांनी मात्र ती चिप चाचपू नका, कडा ब्लेडसारख्या असतात.

पहिली पायरी: बार कोणत्या अवस्थेत आहे ते बघा आणि कामाचा क्रम ठरवा

सर्टिफिकेटवर एएमएस ५६६२ असेल तर बार सोल्यूशन अ‍ॅनील केलेला, म्हणजे तुलनेने नरम. ५६६३ असेल तर एजिंग झालेला, किमान ३३१ ब्रिनेल. व्यवहारात ४० ते ४५ रॉकवेल सी मिळतो. नेहमीचं एजिंग असं: ७२० अंशांना ८ तास, मग तासाला ५५ अंशांनी उतरवत ६२० पर्यंत, आणि तिथे धरून एकूण १८ तास पूर्ण.

नवख्या माणसाने शक्य असेल तर रफिंग नरम अवस्थेत करावं, मग एजिंग, मग फिनिशिंग. एजिंगमध्ये जॉब किंचित आकसतो, १०० मिलीमीटरला ०.०७ ते ०.०८ मिलीमीटरच्या घरात. टॉलरन्स घट्ट असेल तर ड्रॉइंगवर हा आकडा पेन्सिलने आधीच लिहून ठेवा. फिनिशसाठी बाजूला किमान अर्धा मिलीमीटर ठेवा. ‘थोडंच ठेवू, नंतर काम कमी’ हा विचार इथे महागात पडतो. कारण तिसऱ्या पायरीत कळेल.

दुसरी पायरी: स्पीड आणि फीड

कार्बाइड इन्सर्टने एजिंग झालेल्या ७१८ वर मी नव्या माणसाला मिनिटाला ३० ते ४० मीटरवर सुरू करायला सांगतो. आरपीएम काढायचं सूत्र नेहमीचंच: कटिंग स्पीडला १,००० ने गुणा आणि ३.१४ गुणिले व्यासाने भागा. ६० मिलीमीटरच्या जॉबवर ४० मीटरचा स्पीड म्हणजे २१२ आरपीएम. पोलादाची सवय असलेल्याला हे फार संथ वाटतं. वाटू द्या. स्पीड वाढला की उष्णता वाढते, आणि ती पोहोचते थेट धारेपर्यंत.

सिरॅमिक इन्सर्टने २०० मीटरच्या वरही कापतात, पण त्यासाठी मशीन दणकट, जॉब घट्ट धरलेला आणि प्रोग्रॅम वेगळा लागतो. पहिल्या जॉबसाठी ते नको. उष्णतारोधक मिश्रधातूंसाठी इन्सर्टच्या डब्यावर ‘एस’ गट लिहिलेला असतो. बारीक दाण्याचं कार्बाइड, पातळ पीव्हीडी कोटिंग आणि पॉझिटिव्ह रेक असलेला घ्या.

फीड, म्हणजे जॉबच्या एका गिरकीत टूल पुढे सरकतं ते अंतर, ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर ठेवा. फिनिशिंगलाही ०.१ च्या खाली जाऊ नका. कारण सूक्ष्मदर्शकाखाली कुठलीच धार टोकदार नसते. कार्बाइडची धार मुद्दाम २० ते ३० मायक्रॉनच्या त्रिज्येने गोलावलेली असते. चिपची जाडी त्या त्रिज्येच्या जवळ आली की धार धातू कापत नाही, त्याला पुढे ढकलते आणि खाली दाबते. ढकललेला धातू चिप होऊन जात नाही, जॉबवरच राहतो, आणि आता त्यात डिसलोकेशनची गर्दी झालेली असते. ‘हळूहळू चाटून घेऊ’ ही ऑपरेटरची आवडती पद्धत पितळेवर चालते, मऊ पोलादावरही खपून जाते. ७१८ वर ती सर्वात वाईट.

तिसरी पायरी: कट नेहमी कडक थराच्या खाली

नव्या, धारदार इन्सर्टने घेतलेल्या फेरीनंतर पृष्ठभागाखाली कडक थर काही दशक मायक्रॉन असतो. इन्सर्ट झिजला की तो ०.१ ते ०.२ मिलीमीटरपर्यंत जाऊ शकतो. पुढच्या फेरीची डेप्थ (कटची खोली) याच्यापेक्षा कमी ठेवली तर पूर्ण धार कडक थरातच चालते. म्हणून फिनिश पासही ०.२५ मिलीमीटरच्या आसपास घ्या. ०.०५ चे चार पास घेऊन माप साधण्याची सवय सोडा. माप साधायचं असेल तर आधीच्या सेमी-फिनिश पासमध्येच, त्याच डेप्थने, त्याच फीडने, त्याच अवस्थेतल्या इन्सर्टने टूलचं डिफ्लेक्शन (दाबाने मागे वाकणं) मोजून मशीनमध्ये तेवढा ऑफसेट भरा.

इन्सर्ट काढून बघाल तेव्हा एक खूण नक्की दिसेल. डेप्थ ऑफ कटच्या रेषेवर, जिथे जॉबचा जुना पृष्ठभाग धारेला टेकतो, तिथे धारेला खाच पडलेली असते. बाकीची धार चांगली आणि त्या एकाच जागी खड्डा. तिला नॉच वेअर म्हणतात. तो मागच्या फेरीच्या कडक थराने केलेला आहे. एका अर्थी थराची जाडी धारेवर कोरून मिळते.

खाच टाळायला दोन उपाय आहेत. एक, धार जॉबला ९० अंशांऐवजी तिरकी भिडवणारा ४५ अंशांचा अ‍ॅप्रोच किंवा गोल इन्सर्ट. त्यामुळे तो कडक थर धारेच्या लांब भागावर पसरतो. दुसरा, प्रत्येक फेरीची डेप्थ बदलती ठेवणं: एक फेरी २ मिलीमीटर, पुढची १.६, मग १.२. खाचेची जागा दर वेळी सरकते. प्रोग्रॅममध्ये दोन ओळींचा बदल, पण इन्सर्टचं आयुष्य चांगलंच वाढतं.

इन्सर्ट तुटेपर्यंत चालवू नका. फ्लँकवरची (धारेच्या खाली जॉबला घासणाऱ्या बाजूवरची) झीज ०.२ मिलीमीटर झाली की बदला. झिजलेली धार जास्त घासते, जाड थर तयार करते, आणि मग नवा इन्सर्ट लावला तरी त्याला तो थर आयता मिळतो. पैसे वाचवायला ताणलेला जुना इन्सर्ट पुढच्या नव्या इन्सर्टचंही आयुष्य खातो.

कूलंट भरपूर आणि नेमका धारेवर. ७० बारचा हाय प्रेशर पंप असेल तर उत्तम, चिपही तुटते. नसेल तर साध्या पंपाचा झोत निदान बरोबर जागी वळवा आणि मध्येच बंद पडू देऊ नका.

चौथी पायरी: थांबायचं नाही

फीड थांबलेला आणि स्पिंडल फिरतोय, अशी अवस्था एक सेकंदही नको. तेवढ्यात टूल एकाच जागी तीन-चार वेळा घासून जातं आणि तिथे कडक पट्टा उमटतो. म्हणून प्रोग्रॅममधला ड्वेल (टूल जागीच थांबवण्याची सूचना) काढून टाका. खांद्यापाशी पोहोचलं की टूल लगेच बाहेर. मिलिंगमध्ये क्लाइंब पद्धत घ्या, म्हणजे दाता जाड चिपने आत शिरतो आणि पातळ चिपने बाहेर पडतो. उलट पद्धतीत दाता शून्य जाडीपासून सुरू होतो आणि आधी काही अंतर नुसता घासत जातो.

ड्रिलिंगमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. ड्रिलच्या मधोमध, चिझल एजपाशी, कटिंग स्पीड जवळजवळ शून्य असतो. तिथे धातू कापला जात नाही, दाबला जातो. त्यात हाताने फीड देणारा माणूस मध्ये थबकला तर भोकाचा तळ इतका कडक होतो की ड्रिल पुढे सरकायचं नाव घेत नाही. सेंटर पंच हातोड्याने जोरात मारू नका, ती खूणसुद्धा कडक जागा असते. आखूड, दणकट कार्बाइड ड्रिल घ्या, शक्य असेल तर आतून कूलंट येणारं, आणि एकसारख्या फीडने एका दमात भोक पूर्ण करा. खोल भोकात पेकिंग (थोडं थोडं कापून ड्रिल मागे घेणं) करावंच लागलं तर परत आत जाताना ड्रिल तळाला टेकून फिरत राहू नये.

टॅप मारण्याचं काम एजिंगआधी उरका. नंतर आटे पाडायचे असतील तर थ्रेड मिलिंग करा. टॅप मोडून आत अडकला तर बाहेर काढायला ईडीएमशिवाय (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवण्याची पद्धत) मार्ग राहत नाही, आणि तोवर जॉबवर खर्च बराच झालेला असतो.

शीटचं काम करणाऱ्यांसाठी

वाकवणं, ओढणं या कामांत हाच गुण कधी मदत करतो, कधी आडवा येतो. अ‍ॅनील केलेल्या शीटचा यील्ड ५५० मेगापास्कलच्या आत, तुटण्याआधीचा कमाल ताण ९६५ च्या आत आणि लांबण किमान ३० टक्के असते. यील्ड आणि कमाल ताण यांच्यातली ही मोठी दरी म्हणजे वर्क हार्डनिंगला मिळालेली जागा. शीट एका ठिकाणी पातळ होऊ लागली की ती जागा कडक होते आणि ताण शेजारी सरकतो, म्हणून ती बरीच ओढता येते.

हा गुण मोजायचा तर टेन्साइल टेस्टचा आलेख घ्या. टेस्टमध्ये मिळतो तो इंजिनिअरिंग ताण, आणि विकृती म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेली वाढ. खरा ताण काढायला त्याला (१ अधिक विकृती) ने गुणा, आणि खऱ्या विकृतीसाठी (१ अधिक विकृती) चा नैसर्गिक लॉग घ्या. २० टक्के लांबणीला ८०० मेगापास्कल असेल तर खरा ताण ९६० आणि खरी विकृती ०.१८२. यील्डच्या पुढचे असे बिंदू लॉग-लॉग कागदावर मांडा. येणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे ‘एन’ घातांक. कमाल ताणानंतरचे बिंदू यात घेऊ नका, कारण नमुना एका जागी बारीक व्हायला लागला की हे सूत्र लागू पडत नाही. नियम सोपा आहे: शीट साधारण ‘एन’ इतक्या खऱ्या विकृतीपर्यंत एकसारखी ताणली जाते, त्यापुढे एकाच जागी बारीक होते. एजिंग झालेल्या ७१८ मध्ये यील्ड आणि कमाल ताण जवळजवळ असतात, ‘एन’ लहान येतो. म्हणून फॉर्मिंग नेहमी एजिंगच्या आधी.

फॉर्मिंगची जागा संपली की मध्ये ९८० अंशांच्या आसपास अ‍ॅनील करून पुन्हा सुरुवात करतात. भट्टीत घालण्याआधी शीट स्वच्छ करा, आणि हे मी अगदी बजावून सांगतो. ड्रॉइंग ऑइल, ग्रीस, मार्करची शाई यांत गंधक असू शकतं. निकेल आणि गंधक मिळून ६४० अंशांच्या आसपासच वितळणारं मिश्रण करतात, ते धातूच्या स्फटिक-दाण्यांच्या सीमांमधून आत शिरतं आणि शीट पापडासारखी तडकते. एकदा हे झालं की दुरुस्ती नाही, शीट भंगारात.

पाचवी पायरी: आपण किती कडक केलं ते मोजा

पहिला जॉब पूर्ण झाल्यावर त्याच सेटिंगने कापलेला एक छोटा तुकडा मेटलर्जी लॅबमध्ये द्या. पुण्या-मुंबईत, नाशकात हे काम करणाऱ्या लॅब सहज मिळतात. पण काय मागायचं ते आपल्याला माहीत हवं.

तुकडा फीडच्या दिशेला आडवा कापून, कडक रेझिनमध्ये बसवून पॉलिश करायला सांगा. रेझिन मऊ असेल तर पॉलिश करताना काठ गोल होतो आणि नेमका हवा तो भाग निघून जातो. पॉलिशची शेवटची पायरी कोलॉइडल सिलिकाची असावी, आणि आधीच्या पेपरांवर दाब हलका. जोरात घासलेला नमुना पॉलिशच्याच वर्क हार्डनिंगने कडक होतो, आणि मग आपण मशीनचं नव्हे, पॉलिश करणाऱ्याचं काम मोजत बसतो.

मग व्हिकर्स मायक्रोहार्डनेस, काठापासून आतपर्यंत. भार कमी मागा. १०० ग्रॅमला ४५० व्हिकर्सच्या धातूत ठशाचा कर्ण २० मायक्रॉन येतो, आणि काठापासून किमान अडीच कर्ण, म्हणजे ५० मायक्रॉन, सोडावे लागतात. कडक थरच तेवढ्यात संपला असेल तर हाती काहीच लागत नाही. २५ ग्रॅमला कर्ण १० मायक्रॉनवर येतो आणि काठाच्या २५ मायक्रॉनपर्यंत जाता येतं. ठसे एका सरळ रेषेत न घेता तिरके, नागमोडी घ्यायला सांगा. दोन ठशांत तीन कर्णांचं अंतर लागतं, कारण प्रत्येक ठसासुद्धा भोवतालचा धातू कडक करतो.

आता आलेख वाचा. समजा गाभ्यात आकडा ४३० च्या आसपास स्थिर आहे आणि काठाकडे येताना ५०० च्या वर चढतो. चढ जिथून सुरू होतो ते काठापासूनचं अंतर म्हणजे आपल्या थराची जाडी. ती ५० मायक्रॉनच्या घरात असेल तर ०.२५ चा फिनिश पास निर्धास्त घ्या. १५० च्या पुढे गेली असेल तर आधी इन्सर्टच्या फ्लँकची झीज बघा, मग फीड, मग कूलंटचा झोत, याच क्रमाने. इन्सर्ट बदलण्याची वेळ अलीकडे आणा, तेच सेटिंग ठेवून दुसरा तुकडा कापा आणि तो पहिल्याशेजारी त्याच रेझिनमध्ये बसवून पुन्हा मोजायला द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.